रयतेची मान राखणारा राजा : राजर्षी छत्रपती शाहू महाराज

फुले, शाहू, आंबेडकर ही तीन नावे आपण एका दमात घेतो. विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमात घेतो, लग्नपत्रिकेवर छापतो, कमानीवर लिहितो. पण घरातल्या पोरांना समोर बसवून विचारून बघा. जोतिबांचे विचारले तर मुलींची शाळा सांगतील, बाबासाहेबांचे विचारले तर चवदार तळ्यापासून राज्यघटनेपर्यंत धडाधडा सांगतील. शाहू महाराजांचे विचारले की आरक्षण म्हणतील आणि गप्प बसतील. यात पोरांचा दोष नाही. घरोघरी त्यांना तेवढेच सांगितले जाते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज स्वतः विलायतेत असताना, करवीर दरबारच्या गॅझेटात हुकूम निघाला आणि रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या गेल्या, ही गोष्ट मोठीच आहे. तिच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. म्हणून या स्मरणिकेत आम्ही शाहूंच्या चरित्राचा दुसरा धागा धरतो आहोत. माणूस अडचणीत सापडतो, पोटाला नसते, घरात रोग शिरतो, गावगाड्याखाली तो दबलेला असतो. अशा वेळी राज्याने त्याला हात कसा द्यावा? आणि तो हात धरताना त्याची मान खाली जाऊ नये म्हणून काय करावे? शाहूंनी हा प्रश्न ग्रंथ लिहून सोडवला नाही, हुकूम काढून आणि जागचे उठून सोडवला.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापूरजवळ कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात झाला. (जुन्या पुस्तकांत २६ जुलै ही तारीख आढळते. आता शासन २६ जून हाच दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते.) कागलच्या घाटगे घराण्यातले हे यशवंतराव. आईचे छत्र फार लहानपणीच गेले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि यशवंतरावांचे शाहू झाले. पुढे दोन वर्षांत वडीलही वारले. राजकोटला आणि मग धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली शिक्षण झाले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला. वय अजून वीसही पुरे झाले नव्हते. थोराड अंगाचा, कुस्तीचा आणि शिकारीचा षौकीन असा हा तरुण राजा. त्या वेळी कोणी पाहिले असते तर हा पुढे काय करणार आहे याची कल्पना आली नसती.

राज्य हाती आले आणि दोनच वर्षांत पाऊस रुसला. १८९६ साली पिके करपली, १८९७ भर दुष्काळ राहिला. धान्य महाग झाले, गुरांना वैरण नाही, विहिरी आटल्या. इथे थोडे थांबून त्या काळची सरकारी मदत कशी असे ते सांगितले पाहिजे, नाहीतर शाहूंनी काय वेगळे केले ते ध्यानात येणार नाही.

आधीचा मोठा दुष्काळ १८७६–७७ चा. तेव्हा इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली खरी. पण १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेम्पल या बड्या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने मजुरी इतकी खाली आणली की, दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने अर्ध्या किलोच्याही आत! मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्या वेळी कामावर पाणी सोडले, उपाशी राहिले पण ती मजुरी घेतली नाही. कामे मुद्दाम लांब ठेवायची, कष्ट मुद्दाम जड ठेवायचे. हेतू हा की, ज्याला अगदीच निरुपाय आहे तोच यावा. मदत मागायला आलेला माणूस लबाड असणार, असे आधीच धरून चालायचे आणि त्याने आपण खरेच उपाशी आहोत हे हाडे दाखवून सिद्ध करायचे, अशी ती रीत. ती रीत इंग्रजांबरोबर गेली असे कोणी समजू नये. दाखल्यासाठी खिडकीपाशी तासन्‌तास उभे राहिलेल्या आपल्या आयाबहिणींना ती चांगली ठाऊक आहे.

शाहूंनीही दुष्काळी कामे काढली. रस्ते, तळी, विहिरी. शेतकऱ्यांना तगाई दिली, बाहेरून धान्य आणवून स्वस्त धान्याची दुकाने उघडली, गुरांसाठी सरकारी रानांत चराई मोकळी केली. स्वतः मुलखात फिरून कोठे काय कमी आहे ते पाहिले. इतके कोणी चांगला राजा करील. पण त्यांचे लक्ष आणखी एका ठिकाणी गेले. कामावर येणाऱ्या बायांच्या कडेला पोरे होती. पोर झाडाखाली टाकायचे, उन्हात ते रडत राहायचे, आईने पाटी उचलायची की पोर? एका हाताने घमेले आणि दुसऱ्या हाताने लेकरू, अशाने काम कमी भरते आणि काम कमी भरले की मजुरी कापतात. शाहूंनी दुष्काळी कामांच्या जागी पोरे सांभाळण्याची सोय केली. आजच्या भाषेत पाळणाघरच म्हणा. हे १८९६–९७ साल आहे, हे लक्षात घ्या. स्वतंत्र भारतात रोजगार हमीच्या कामावर मुलांसाठी सावलीची आणि सांभाळणारणीची तरतूद कायद्याने केली, तेव्हा ती फार पुढारलेली गोष्ट मानली गेली. कोल्हापूरच्या तेवीस वर्षांच्या राजाला ती शंभर वर्षे आधी सुचली, कारण त्याने मजूर बाईकडे नुसते दोन हात म्हणून पाहिले नाही.

ज्यांच्याने काम होण्यासारखेच नव्हते, म्हातारे, आंधळे, पांगळे, निराधार, त्यांच्यासाठी आश्रम काढून खाण्यापिण्याची व्यवस्था केली. म्हणजे ज्याला काम करता येते त्याला काम, ज्याला बी हवे त्याला तगाई, ज्याला काहीच शक्य नाही त्याला सरळ आसरा. कोणालाही दारोदार फिरावे लागू नये.

आपल्या वाचकांना इथे दीघ निकायातले कूटदंत सुत्त आठवेल. त्यात महाविजित राजाची कथा तथागतांनी सांगितली आहे. राज्यात चोऱ्या-लुटी वाढल्या तेव्हा राजाच्या पुरोहिताने सल्ला दिला की, फाशी आणि तुरुंगाने हे मिटणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला योग्य वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून, लेकरे मांडीवर नाचवत सुखाने राहू लागले. शाहू महाराज बौद्ध नव्हते, आणि त्यांना ओढून-ताणून बौद्ध करण्याची आम्हांला हौस नाही. परंतु बियाणे, भांडवल आणि वेतन या तीन गोष्टी त्यांच्या सबंध चरित्रात पुन्हा पुन्हा येतात. भिक्षा मात्र कोठेच येत नाही.

दानाविषयीही तथागतांनी सांगून ठेवले आहे की, सज्जन माणूस दान देतो ते आदराने देतो, आपल्या हाताने देतो, टाकून दिल्यासारखे देत नाही. हे आम्ही वंदनेनंतरच्या धम्मदेसनेत कितीदा तरी ऐकले होते. त्याचा अर्थ मात्र २०२० साली कळला. मार्चमध्ये लोकल बंद पडल्या. टिटवाळा-मांड्यातल्या आपल्या कितीतरी घरांची चूल कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलवर चालते. कोणी डोंबिवलीत घरकाम करते, कोणी ठाण्यात कंत्राटी सफाईला, कोणी कल्याणच्या नाक्यावर उभे राहते. आठ दिवसांत डबे रिकामे झाले. मदत आली, नाही असे नाही, आणि पुष्कळांनी ती मनापासून केली. पण एक मंडळ आले, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, त्यांनी पाच किलोच्या पिशवीमागे एक फोटो घेतला. पिशवी पुढे धरायची, तोंडावरचा मास्क खाली ओढायचा, कॅमेऱ्याकडे बघायचे. आमच्या आळीतल्या एक आजी पिशवी न घेता माघारी आल्या. त्या घरी त्या दिवशी काय शिजले ते आम्ही विचारले नाही. शेजारच्या घरातून झाकलेले ताट गेले एवढे खरे. रेशनवरचे धान्य ही २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यापासून हक्काची गोष्ट झाली आहे. तिच्यासाठी कोणाचे आभार मानून फोटो काढून घेण्याची गरज नाही, हे आपल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांना समजावून सांगितले पाहिजे.

असो. शाहूंकडे वळू.

दुष्काळाच्या पाठोपाठ प्लेग आला. पुण्यात १८९७ साली त्याने काय कहर केला ते सर्वांना माहीत आहे. सावित्रीबाई फुले त्याच प्लेगात, रोग्यांची सेवा करता करता, १० मार्च १८९७ रोजी गेल्या. नंतर पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, बायाबापड्यांची तपासणी केली, माणसे ओढून छावणीत नेली. बंदोबस्त रोगाचा होता, पण वागणूक गुन्हेगाराची होती, आणि त्याचा शेवट खुनात झाला. करवीर राज्यातही प्लेगचे उपाय झालेच. लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवावे लागले, दवाखाने उघडावे लागले, होमिओपॅथीचा दवाखानाही निघाला. महाराज प्लेगच्या दिवसांत राजधानी सोडून दूर जाऊन बसले नाहीत. लोकांमध्ये फिरत राहिले.

दुष्काळ पुन्हा येणार हे त्यांनी ओळखले होते. म्हणून भोगावती नदीवर मोठे धरण बांधायला घेतले. त्यासाठी वसवलेले गाव म्हणजे राधानगरी. पैशाअभावी काम मध्येच थांबले आणि त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर ते पूर्ण झाले. आज त्या पाण्यावर कोल्हापूरचा ऊस उभा आहे. शाहूपुरीची बाजारपेठ १८९५ ची, कापडाची गिरणी १९०६ ची. शिक्षणाबद्दल तर स्वतंत्र लेख हवा. १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत गेली, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुले एका शाळेत बसवण्याचा हुकूम झाला. हे आम्ही भराभर सांगून टाकतो आहोत, कारण आम्हांला १९१८ सालाकडे यायचे आहे. आपल्या समाजाच्या दृष्टीने शाहू-चरित्रातले ते सर्वांत मोलाचे वर्ष, असे आमचे मत आहे.

त्या वर्षी दोन हुकूम झाले. पहिला महार वतनाचा.

आजच्या मुलांना वतन म्हणजे काय ते माहीत नाही. ऐकायला शब्द भारदस्त आहे. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, तसे महाराचे वतन. पण महाराचे वतन म्हणजे गळ्यात बांधलेला दोर होता. जमिनीचा एक लहानसा तुकडा, तोही पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन हातभर उरलेला. त्याच्या बदल्यात सबंध घराण्याने सरकारची आणि गावाची पडेल ती चाकरी करायची. सारा पोहोचवा, सांगावा न्या, साहेबाच्या घोड्यापुढे धावा, मेलेले ढोर ओढा, वेशीवर जागा. रात्र नाही, दिवस नाही, आजारपण नाही. घरातला कर्ता परगावी गेला असेल तर म्हातारा बाप किंवा बायको हजर पाहिजे. मजुरी नाही, त्याच्या बदल्यात येसकराने घुंगरांची काठी घेऊन संध्याकाळी दारोदार जायचे आणि उरलीसुरली भाकर झोळीत घ्यायची. ती भाकर वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. काम केल्याचा मोबदला आणि तो भीक म्हणून घ्यायचा! माणसाचा स्वाभिमान मारण्याची याहून पक्की युक्ती कोणी काढली नसेल. वाईट हे की, त्या हातभर जमिनीच्या लोभाने आपलेच लोक त्या दोराला चिकटून होते. वतन सुटले तर भाकर सुटेल ही भीती.

शाहूंनी १९१८ साली हे वतन खालसा केले, आणि जमीन काढून घेतली नाही. ती ज्याची त्याच्या नावावर रयतावा म्हणून चढवली. इतर शेतकरी जसा सारा भरतो तसा महाराने भरावा, आणि चाकरीतून मोकळे व्हावे. हुकूमाची सगळी करामत इथेच आहे. नुसते वतन बुडवले असते तर लोक उघड्यावर आले असते. नुसती दया दाखवायची म्हणून दोन शेर धान्य वाढवून दिले असते तर दोर तसाच राहिला असता. त्यांनी दोर कापला आणि पायाखालची जमीन ठेवली. पुढे १९२० मध्ये वेठबिगारीलाही बंदी केली.

आणि हे किती पुढचे पाऊल होते ते पाहा. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बिल मांडले. वर्षानुवर्षे खटपट केली. ते मंजूर झाले नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते. कोल्हापूरच्या महारांना जे १९१८ मध्ये मिळाले, त्यासाठी आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या, नाशिक-नगरकडच्या आजे-पणज्यांना आणखी चाळीस वर्षे येसकराची काठी वागवावी लागली.

दुसरा हुकूम हजेरीचा. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांना गुन्हेगार समजून रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. एकाने कधी चोरी केली म्हणून नव्हे, जन्मला त्या जातीत म्हणून. परगावी जायचे तर परवानगी काढायची. विचार करा, लेक दुसऱ्या गावी बाळंतपणात अडली आहे आणि बापाने आधी चावडीवर जाऊन मी चोर नाही म्हणून नाव लिहवायचे. शाहूंनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद करून टाकली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि १९५२ मध्ये कोठे रद्द झाला.

फासेपारध्यांच्या बाबतीत तर महाराजांनी सर्वांनाच चकित केले. शिकारीच्या निमित्ताने रानात हिंडताना त्यांची या लोकांशी गाठ पडे. उपाशी माणूस चोरी करतो, मग त्याला पकडा, तो सुटला की पुन्हा चोरी, हा फेरा त्यांनी जवळून पाहिला. त्यांनी पारध्यांना वस्तीला जागा दिली, कामे दिली आणि त्यांतल्या काहींना चक्क पहाऱ्यावर नेमले. ज्याला गाव चोर म्हणते त्याच्या हाती राजाने किल्ल्या द्याव्यात! विश्वास टाकणे हीसुद्धा एक मदत आहे, आणि ती पैशाने देता येत नाही. महार तरुणांना त्यांनी माहूत नेमले, गाड्या हाकायला ठेवले, तलाठ्याच्या जागा दिल्या, वकिलीच्या सनदा दिल्या. हत्तीवर बसलेला महार भर रस्त्यातून जाताना पाहून कोल्हापुरातल्या कित्येकांच्या पोटात कसे कालवले असेल ते सांगायला नको.

आता गंगाराम कांबळ्यांची गोष्ट. ती आपल्यापैकी काहींनी भाषणांतून ऐकली असेल. पण ऐकलेली गोष्टही सावकाश ऐकावी.

गंगाराम हे महाराजांच्या पागेत मोतद्दार होते. एकदा मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला त्यांनी हात लावला म्हणून पागेतल्याच लोकांनी त्यांना बेदम मारले. महाराज त्या वेळी दिल्लीला होते. परत आल्यावर सोनतळीच्या कॅम्पवर गंगाराम आणि त्यांचे सोबती जाऊन रडले, पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना बोलावून चाबकाने फोडून काढले. हे ऐकताना सभेत टाळ्या पडतात. आम्हांला स्वतःला त्या चाबकाचे फारसे कौतुक वाटत नाही. राजे लोकांचा राग असाच असायचा, आणि चाबकाने कोणाच्या मनातली जात गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे.

महाराजांनी गंगारामांना पागेच्या चाकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितले, भांडवल दिले. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले सत्यसुधारक हॉटेल. जागा मोक्याची, कपबशा लखलखीत, चहा फक्कड. गिऱ्हाईक मात्र येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? आता दुसरा एखादा दाता असता तर त्याने काय केले असते? आणखी चार पैसे पाठवून दिले असते, किंवा धंदा बसला म्हणून हळहळून पुन्हा पागेत घेतले असते. महाराजांनी आपली गाडी रोज फेरफटक्याला निघताना त्या हॉटेलापाशी थांबवायला सुरुवात केली. भर रस्त्यात गाडी उभी करायची, मोठ्याने हाक मारून चहा मागवायचा आणि सोबत बसलेल्या ब्राह्मण-मराठा सरदार-अंमलदारांच्या हाती कप द्यायचा. राजाने दिलेला कप परत कसा करणार? कोल्हापुरात असेही सांगतात की, सहीसाठी कागद घेऊन येणाऱ्यांना महाराज गंगारामच्या हॉटेलावर या म्हणून सांगत. आधी चहा, मग सही. पुढे त्यांनी गंगारामांना सोडा-वॉटरचे यंत्रही घेऊन दिले. हळूहळू हॉटेल चालू लागले.

आम्हांला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते असे. महाराजांनी गंगारामांना भांडवल दिले त्यापेक्षा त्यांचे गिऱ्हाईक झाले, हे मोठे. दात्यापुढे माणूस वाकतो. गिऱ्हाइकापुढे तो दुकानदार असतो. आपल्या वस्तीत कोणी पोळीभाजी केंद्र काढते, कोणी शिलाईचे दुकान घालते, तेव्हा उद्‌घाटनाला हार घालायला आपण दहा जण जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून खरेदीला स्टेशनपलीकडे जातो. नवीन धंद्याला नारळ पुरत नाही, रोजचे गिऱ्हाईक लागते.

बाबासाहेब आणि शाहू महाराज यांचे नातेही याच दृष्टीने पाहावे. अस्पृश्यांत असा एक विद्वान निपजला आहे हे कळल्यावर त्यांनी बाबासाहेबांना दरबारात हजर होण्याचा निरोप धाडला नाही. परळच्या चाळीत ते स्वतः त्यांना भेटायला गेले. एक छत्रपती, आणि चाळीतली ती खोली! ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाले, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पत्र बाबासाहेबांचे, विचार बाबासाहेबांचे. त्यात ढवळाढवळ केली नाही. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला अध्यक्ष बाबासाहेब होते आणि महाराज तिथे पाहुणे म्हणून आले. तुम्हांला तुमचा पुढारी सापडला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना निक्षून सांगितले. हे नीट समजून घेण्यासारखे आहे. इतकी वर्षे ज्यांच्यासाठी आपण झटलो त्या लोकांना, आता माझ्याकडे पाहू नका, तुमच्यातल्या माणसाकडे पाहा, असे सांगायला मन मोठे लागते. उपकार करणाऱ्याला सहसा उपकृत माणूस आपल्या ओंजळीतून सुटलेला आवडत नाही. त्याच साली नागपूरला बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी भूषवले.

मग बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. हुंडणावळीचा भाव घसरला, जवळचे पैसे पुरेनात. १९२१ च्या सप्टेंबरात त्यांनी महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड मागितले. मागितले ते कर्जाऊ, परत आल्यावर व्याजासकट फेडण्याच्या बोलीने. बॅरिस्टरीची फी आणि परतीचे भाडे, दोन्हींचा हिशेब पत्रात होता. एका बाजूला उपाशीपोटी अभ्यास करणारा विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला राजा, पण पत्रात कोठे लाचारी नाही. ज्याच्याकडे मागायचे तो माणूस कसा आहे हे ठाऊक असल्याशिवाय असे पत्र लिहिता येत नाही.

महाराजांची प्रकृती त्या सुमारास ढासळत चालली होती. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. बाबासाहेब तेव्हा विलायतेतच होते.

कोल्हापुरात त्यांच्या स्मारकाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. सरदार-दरकदार होते, मोठमोठे व्यापारी होते, त्यांच्या कृपेने मोठे झालेले अंमलदार होते. पण पहिले स्मारक उभे राहिले ते नर्सरी बागेत, आणि ते उभारले गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांनी, आपसात वर्गणी काढून.